बँडवाल्याचा कोट

दिराने थोरलीची देवी करून ठेवली होती, आणि त्याबद्दल तिने त्याला कधी माफ केलं नव्हतं.

दीर शाळामास्तर होता. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी तो बाजारामागच्या सभागृहात बोलायला उभा राहायचा. विषय वर्षानुवर्षं तोच: साध्या घरात देव कसा सापडतो. आवाज मऊ होता. मध्येच थांबून चष्मा पुसायची सवय होती, आणि तेवढ्यात बायका रुमाल काढून तयार होत. गोष्टी तो घरातल्याच सांगायचा. स्वतःच्या घरातल्या मात्र नाही. त्याच्या बायकोने पहिल्याच वेळी बजावलं होतं की माझा उल्लेख झाला तर त्या दिवसापासून स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा. मग तो मेलेल्या थोरल्या भावाच्या घरात शिरला. तिथे अडवणारं कोणी नव्हतं. भावाची बायको, थोरली, रफू करायची आणि आई अंथरुणाला खिळलेली होती.

"माझी वहिनी फाटक्या कापडाशी बसते ना," तो सांगायचा, "तेव्हा तिचे ओठ हलत असतात. मी एकदा दारात उभं राहून पाहिलं. सुई खालून गेली, देवाचं नाव. वरून आली, देवाचं नाव."

ओठ हलायचे हे खरं होतं. सुई उभ्या धाग्याखालून जाताना थोरली सासूला एक शिवी द्यायची आणि वरून येताना दुसरी. त्यामुळे हात एका लयीत राहायचा. तिच्या वडिलांनी तिला रफू शिकवलं तेव्हा आकडे म्हणायला सांगितले होते, पण आकडे पुढे पुढे जातात आणि माणूस मध्येच चुकतो. शिव्या संपत नाहीत आणि चुकत नाहीत.

रस्त्याकडच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल होतं. त्यावर मान वाकवलेला दिवा, कापड ताणून धरायची लाकडी कडी आणि सुयांचा डबा. सिगारेटने जळलेलं, उंदराने कुरतडलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं असं सगळं तिथे यायचं. ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायची, ते भोकावर उभे टाकायची आणि मग आडवा धागा एकाखालून एकावरून घालत भोक बुजवायची. जिथे कोणी बघत नाही तिथलं काढायचं आणि जिथे सगळे बघतात तिथे भरायचं, एवढाच तिचा धंदा. दिराने यावरही तीन-चार रविवार काढले होते.

मागच्या खोलीत सासू. न्हाणीघरात पडून कंबर मोडली तेव्हापासून ती पलंगावर होती. दोन खोल्यांमध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती आणि फळ्यांमधून सगळं ऐकू यायचं.

"अगं ए. उशी."

"येते."

"मी मेल्यावर येशील."

"तेव्हा उशी लागणार नाही तुम्हाला."

हे असं दिवसभर. लग्न होऊन आल्यापासून म्हातारीने थोरलीचं कशाबद्दलही कौतुक केलं नव्हतं. चहा पाणचट, चाल बदकाची, माहेर भिकार. मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत येऊन म्हणाली, "नाक तुझ्यावर गेलंय, बिचारीचं." थोरला गेला त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. शेजारणी थोरलीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "रडू नका तिच्यासाठी. सुटली ती." पोटच्या पोराचं प्रेत समोर होतं. थोरलीला त्या बाईचा सगळ्यात जास्त राग आला तो त्या दिवशी, कारण ती सुटलीच होती.

थोरल्याचा हात तिच्यावर चालायचा. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी ब्र काढत नसे. दीर त्या काळात शिक्षणासाठी परगावी होता. त्याच्या रविवारच्या गोष्टींत भाऊ 'जरा तापट' होता.

आणि याच काळातली एक गोष्ट दिराची सगळ्यात गाजलेली होती. परतीची गोष्ट. तरुण वहिनी तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन घर सोडून भावाकडे गेली. तिथे तिला झोप लागली नाही. तिच्या मनात श्रद्धेचा दिवा लागला. सकाळ होताच ती परत आली, सासूने दार उघडलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि त्या घरात देव आला. इथे तो चष्मा पुसायचा.

थोरलीने ही गोष्ट कधी खोडली नाही. पहिल्यांदा कानावर आली तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण त्याच आठवड्यात एक अनोळखी बाई शाल घेऊन दुकानात आली आणि जाताना तिचा हात कपाळाला लावून गेली. आयुष्यात तिच्या हाताशी कोणी असं वागलं नव्हतं. मग आणखी बायका आल्या. खोटं होतं, पण ऊबदार होतं. आणि खोडायचं तर खरं सांगावं लागलं असतं. त्या खऱ्यात तिचा भाऊ होता, ज्याच्याविषयी ती कोणाकडेही बोलत नसे. तिने ओठ मिटले ते मिटलेच, सुई चालताना सोडून.

मुलगी आली ती आठवड्याच्या मध्येच, कामाच्या दिवशी. ती दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. हातात बॅग आणि मनगटाला पट्टी.

"हात दारात सापडला," ती म्हणाली.

थोरलीने पट्टीकडे पाहिलं. कापलेलं आणि फाडलेलं यात फरक असतो, तो तिला दिव्याशिवाय दिसायचा. तिने विचारलं नाही. "जेवलीस?" एवढंच म्हणाली आणि ताट घेतलं.

मागून आवाज आला, "कोण आलंय?"

"तुमची नात."

"नवरा आहे बरोबर?"

"नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि तिने त्या दिवशी उशी मागितली नाही.

मुलगी दोन दिवस नीट झोपली. तिसऱ्या दिवशी तिने आजीची नखं कापली आणि आजीकडून शिव्या खाल्ल्या, तेव्हा थोरलीला वाटलं की आता ही राहील. पण ही बातमी दिरापर्यंत पोहोचली होती. जावयाने स्वतःच पोहोचवली होती. काकांचा शब्द मुलीला लहानपणापासून मोठा. खेळणी त्यांनी आणली, अक्षर त्यांनी गिरवून घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी तिला सभागृहात बोलावलं आणि ती गेली.

दुपारी परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा शांत होता. ही शांतता थोरलीला आवडली नाही. मुलीने बॅग खाटेवर ठेवली आणि कपडे घड्या करून आत भरायला लागली.

"कुठे निघालीस?"

"घरी. काका घेऊन येणार आहेत त्यांना, जरा वेळाने." बॅगेतून मान वर न काढता ती पुढे म्हणाली, "काकांनी आज तुझीच गोष्ट सांगितली. परतीची. सगळं सभागृह रडत होतं. आई, तू राहिलीसच ना. एवढं सोसून राहिलीस, आणि त्यातून काहीतरी झालं. मी चार दिवसांत पळून आले."

थोरलीने तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं की त्यातून काही झालं नाही, फक्त वर्षं गेली. पण तिच्या तोंडून आलं, "तो निळा स्वेटर ठेव इथे. कोपर विरलंय." कोपर खरंच विरलं होतं. ती स्वेटर घेऊन टेबलाशी बसली आणि कडीत ताणला. खालून, वरून. शिवी आठवेना.

दीर आला तो जावयाला पुढे घालून. जावई दिसायला नीटनेटका होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. त्याने थोरलीला वाकून नमस्कार केला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. दिराने खिडकीजवळची आरामखुर्ची घेतली.

"वहिनी, चहा नको. तुमच्या हातचं काम चालू द्या. या घरात आलं की मला बोलायलाही नको वाटतं."

आणि तो बोलायला लागला. संसार म्हणजे काय, राग म्हणजे काय, दोन भांडी एका मांडणीत कशी राहतात. मुलगी बॅगेचा बंद हातात धरून उभी होती. जावई मान खाली घालून ऐकत होता. "चूक झाली माझी," तो मध्येच म्हणाला. "काकांपुढे कबूल केलंय मी." दिराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो पुतणीकडे वळला. "तुझ्या आईपेक्षा मोठं पुस्तक तुला कुठे मिळणार आहे, बाळ? ती गेली होती. ती आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. श्रद्धेने आली."

"भावजी," थोरली म्हणाली, "तसं झालं नव्हतं."

दिराने हसून मान हलवली. "बघितलंस? मोठेपणासुद्धा घ्यायचा नाही. हीच ती नम्रता."

"नम्रता नाही. मी कोटासाठी आले होते."

"कोटासाठी?"

"बँडवाल्याचा कोट. छातीवर सिगारेटचं भोक. उभे धागे टाकून झाले होते आणि आडवे राहिले होते. तसं अर्धं ठेवलं की उभे धागे आखडतात, मग कापड सुरकुततं आणि ते कोणाला सुधारत नाही. दुसऱ्याचा हात चालत नाही, कारण प्रत्येकाची धाग्याला ओढ निराळी. त्याचा संध्याकाळी कार्यक्रम होता. मी कोट पुरा करून परत जाणार होते."

दिराने डोळे मिटले. त्याचा चेहरा उजळलेला पाहून थोरलीच्या लक्षात आलं की आपण त्याला आणखी एक रविवार दिला. "कर्तव्य," तो हळू म्हणाला. "अपुऱ्या कामासाठी आलेलं पाऊल. वहिनी, देव माणसाला कुठल्या निमित्ताने घरी आणेल सांगता येत नाही. आणि मग तुम्ही राहिलात."

"राहिले कारण..." भावाचं नाव तोंडातून निघेना. इतकी वर्षं जे दुमडीत ठेवलं ते जावयासमोर ओढून काढायचं होतं. मुलगी तिच्याकडे बघत होती. बॅगेचा बंद तिने अजून सोडला नव्हता, आणि थोरलीला कळलं की आता आपण काहीही बोललो तरी हा माणूस त्याला मऊ करणार, आणि मुलगी त्या मऊपणावरून घसरत त्या घरी जाणार.

या घरात एकच बाई अशी होती जिच्या बोलण्याला मऊ करणं कोणाला कधी जमलं नव्हतं.

थोरली उठली. "आईंना विचारा," ती म्हणाली. "दार त्यांनी उघडलं होतं."

म्हातारी तिला पाण्यात पाहत होती. हिशोब चुकता करायला याहून चांगली संधी तिला मिळणार नव्हती. एवढंच म्हणायचं की हो रे बाबा, गळ्यात पडली होती. धाकटा तिचा लाडका होता. म्हातारपणी का होईना, सगळं सभागृह तिच्याही पाया पडलं असतं. असं असताना थोरलीने स्वतःची मुलगी त्या बाईच्या जिभेवर ठेवली होती, आणि मागच्या खोलीकडे जाताना तिला नवल वाटत होतं ते स्वतःचंच: तिला भीती वाटत होती, पण शंका येत नव्हती. ही बाई आपल्याला बरं वाटावं म्हणून कधी खोटं बोलली नव्हती. आपलं वाईट व्हावं म्हणूनही नाही. देवाबद्दल तिला एवढी खात्री कधीच नव्हती.

दीर आणि बॅग घेऊन मुलगी तिच्यामागून आत आले. म्हातारी भिंतीला पाठ लावून बसली होती. सगळं ऐकून झालेलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आई," दीर पलंगाच्या कडेला बसत म्हणाला, "वहिनी परत आल्या ती सकाळ आठवते तुला?"

"तुला आठवते का?"

"मी कुठे होतो इथे."

"मग दर रविवारी कोणाच्या डोळ्यांनी बघतोस?"

दीर हसला. "अगं, भाव महत्त्वाचा. तू दार उघडलंस..."

"उघडलं. ही उभी होती, पोरगी काखेत, केस विस्कटलेले. मी हिला म्हटलं, कशाला आलीस परत? अक्कल नाही का तुला? ही म्हणाली, कोट राहिलाय. लाल कोट होता, पितळी बटणांचा. मी म्हटलं, कोट घे आणि नीघ. ही बसली तिथेच शिवत. हिला वाटलं मी घालून पाडून बोलतेय."

थोरली दारात उभी होती. ते शब्द तिला पाठ होते. सुई चालताना कितीदा तरी तेच शब्द तिने परत म्हातारीच्या अंगावर फेकले होते.

"मी काही हिच्या भल्यासाठी म्हटलं नाही," म्हातारी म्हणाली. "उगाच तोंड हलवू नकोस, तुझा रविवार होईल. माझा पोरगा होता, मला माहीत होता तो कसा आहे. ही राहिली तर रोजचं रडणं माझ्या कानाशी. गेली असती तर मला झोप लागली असती."

"मग राहिल्या त्या," दीर म्हणाला. त्याचा आवाज आता तितका मऊ नव्हता.

"हिच्या भावाने निरोप धाडला. दुपारी माणूस आला, मीच घेतला तो निरोप. बहिणीला सांगा, इथे जागा नाही. तोवर कोट पुरा झाला होता. जायला घर नव्हतं म्हणून राहिली. कुठली श्रद्धा घेऊन बसलायस?"

दीर चष्मा काढून हातात धरून बसला होता. पुसत नव्हता. "आईचं आता वय झालंय," तो शेवटी म्हणाला. "आठवणींची सरमिसळ होते."

"छातीवर डावीकडे, खिशाच्या वर, भोक बोराएवढं," म्हातारी म्हणाली. "आत पिवळं अस्तर. तुझ्या पहिल्या नोकरीचं गाव सांगू, की तिथून पैसे मागायला आलास ते सांगू?"

दीर उठून उभा राहिला.

म्हातारीने मान वळवली. जावई पुढच्या खोलीतल्या खुर्चीवरून उठला नव्हता. उघड्या दारातून तो पलंगावरून सरळ दिसत होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, जसं बाजारात माल बघतात.

"हा असाच बसायचा," ती म्हणाली.

"कोण, आजी?" मुलीने विचारलं.

"तुझा बाप. दुसऱ्या दिवशी. खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चूक झाली म्हणायचा. इस्त्रीचा शर्ट घालायचा."

सगळ्यांनी पाहिलं. जावयाने मांड्यांखालून हात काढले. काढलेल्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना, आणि मग त्याने ते परत होते तिथे ठेवले.

मुलीने बॅगेचा बंद सोडला. ती पुढच्या खोलीत गेली नाही. आजीच्या पलंगाच्या पायथ्याशी टेकली आणि मनगटाची पट्टी उलगडायला लागली. दोन्ही खोल्यांमधून सगळ्यांना दिसेल अशी, गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडवत. आत चार बोटांचे ठसे होते, पिवळे पडत चाललेले.

"दारात सापडला होता ना," जावई म्हणाला.

"दाराला बोटं असतात का?" थोरली म्हणाली. "तुम्ही निघा आता."

तो गेला. अदबीने गेला, नमस्कार करून, आणि रस्त्यावर पोहोचल्यावर काहीतरी बोलला ते खिडकीतून ऐकू आलं. ते शब्द अदबीचे नव्हते. दीर उंबऱ्यात रेंगाळला. पुतणीच्या मनगटाकडे त्याने एकदा पाहिलं. खरंच पाहिलं असावं, कारण या वेळी तो चष्म्याशी खेळला नाही.

"मला माहीत नव्हतं, वहिनी."

"विचारलं कधी?"

"तुम्हीही बोलला नाहीत."

त्याचं तेवढं खरं होतं, आणि तेवढ्यासाठी ती त्याला पुढेही माफ करणार नव्हती. "माझी गोष्ट परत सांगू नका," ती म्हणाली. "आजची तर नाहीच."

तो हो म्हणाला. थोरलीचा त्याच्यावर विश्वास नव्हता. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुठलीही गोष्ट कडू ठेवता येत नव्हती.

संध्याकाळी तिने सासूला कुशीवर वळवलं. हे काम जिकिरीचं, एक हात कंबरेखाली, एक मानेखाली, आणि म्हातारी अंग सैल सोडायची नाही. इतक्या वर्षांत दोघींची तोंडं याहून जवळ कधी आली नव्हती. थोरलीला वाटलं काहीतरी म्हणावं.

"आई..."

"हात गार आहेत तुझे. मढ्यासारखे."

"तुमच्याकडून लागले."

"आणि चहा पाठव. मघाचा पाणचट होता."

"मघाशी चहा केलाच नव्हता."

"म्हणूनच पाणचट लागला," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

पुढच्या खोलीत मुलगी बॅग रिकामी करत होती. काही कपडे तिने आईच्या कपाटात ठेवले, काही खुर्चीवर. थोरलीने दिवा खाली ओढला. स्वेटरचं कोपर कडीत ताणलेलं तसंच पडलं होतं आणि मघाचे उभे धागे थोडे आखडले होते. तिने ते सगळे उपसून काढले, बाहीच्या आतल्या दुमडीतून नवे ओढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. खालून. वरून. ओठ हलायला लागले.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. "आई, काका म्हणतात तू देवाचं नाव घेतेस. खरं काय म्हणतेस गं?"

थोरलीने सुई ओढून घेतली आणि धागा बसला का ते बोटाने पाहिलं.

"तुझ्या आजीला शिव्या."

"आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा."

फळ्यांपलीकडून आवाज आला, "ऐकू येतंय मला. ओढ सारखी ठेव."